चाकाचे दोन गुरु

कलाशाळेंत कुंभाराचें चाक मांडलें, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, कीं तें शिकवावें कोणीं? कुंभारानें कीं कलावंतानें? जर्मनींत वायमार येथें १९१९ सालीं स्थापन झालेल्या बाउहाउस या संस्थेनें उत्तर दिलें: दोघांनींही. तिची कुंभारशाळा १९२० सालीं डॉर्नबुर्ग गांवीं, राजवाड्याच्या जुन्या पागेंत निघाली. घाटाचे गुरु शिल्पकार गेरहार्ट मार्क्स. हाताचे गुरु माक्स क्रेहान, त्याच गांवचे पिढीजात कुंभार. विद्यार्थ्यांनीं माती आणावी, मळावी, लांकडें फोडावीं, रात्रीं भट्टीपुढें जागावें, असा तेथील क्रम होता. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर स्थिर होत नाहीं, तोंवर सौंदर्यशास्त्रावरचीं व्याख्यानें व्यर्थ, हें क्रेहान यांना सांगावें लागत नसे. माती स्वतःच सांगे.

१९२५ सालीं बाउहाउस डेसाउला गेली. कुंभारशाळा मात्र बरोबर गेली नाहीं. हा तोटा संस्थेचाच म्हटला पाहिजे. त्याच वर्षीं क्रेहान वारले.

त्यांच्या शिष्या मार्गरीत फ्रीडलेंडर, विवाहानंतर वाइल्डनहाइन, हाले येथील कलाशाळेंत कुंभारकाम शिकवूं लागल्या. त्या ज्यू, म्हणून १९३३ सालीं ती जागा गेली. आधीं हॉलंड, मग १९४० सालीं अमेरिका. तेथें कॅलिफोर्नियांत पाँड फार्म येथें त्यांनीं कित्येक उन्हाळे विद्यार्थ्यांना पायानें फिरवावयाच्या चाकावर बसविलें. पहिला धडा कुत्र्याच्या जेवणाच्या थाळीचा. आणि घडविलेलें भांडें घरीं न्यावयाचें नाहीं; तें मोडून माती पुन्हा मळावयाची.