सामाईक मोजमाप

नाशिकजवळच्या अंबडला समुद्र कुठला, असे तुम्ही विचाराल. पण आम्ही चार-पाच मंडळी घरी काचेच्या टाकीत खास मीठ कालवून समुद्राचे पाणी करतो आणि त्यात मासे पाळतो. जिवंत प्रवाळाच्या वाटेला मात्र जात नाही. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. आपले द्राक्षबागाईतदार वापरतात तसलाच. पण त्यांची पट्टी साखरेची, आमची क्षाराची. प्रत्येकाने वेगळा कशाला घ्यायचा? म्हणून आम्ही एकच घेतला.

एकदा तो फिरत माझ्याकडे आला. आकडा दिसला ३१. मी घाईने मीठ वाढवलं. दुसऱ्या दिवशी दोन मासे मेलेले! मग ३५ च्या प्रमाण द्रावणाचा थेंब ठेवून पाहिला, तर तिथेही ३१च. पाणी ठीक होतं, यंत्र चुकत होतं. दोष माझाच, आधी ताडून पाहायला हवं होतं.

आता आमची रीत ठरली आहे. यंत्र ज्याच्या हाती येईल त्याने ते प्रथम ताडावे, वापरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसावे. अमोनिया, नायट्रेट तपासण्याच्या रसायनांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. जुनी रसायने भलताच रंग दाखवतात.

एकट्याचे माप चुकले तर एक टाकी बिघडते. सामाईक माप चुकले तर सगळ्यांच्याच बिघडतात, नाही का?