घराजवळचे कॉलेज



फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणजवळ छावणी वसली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे अवघ्या सोळा वर्षांत, १९६५ साली, तेथे चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज उभे राहिले. तेही एका बाईच्या नावाने!

बदलापूरच्या मुलीला अंबरनाथ ओलांडले की उल्हासनगर. मुंबई गाठायची तर जाण्यायेण्यातच तीनेक तास मोडतात. आणि काटकसरीची वेळ आली की प्रथम मुलीचाच पास बंद होतो. जवळच्या कॉलेजाने ही सबब निम्मी काढून घेतली. उरलेली निम्मी, मला वाटते, आपल्याच घरात आहे. “परीक्षा आहे ना? पोळ्या मी लाटते,” एवढे सासूने म्हटले, तरी सून पदवीधर होईल. जिला रोज वर्गात बसणे जमत नाही, तिच्यासाठी १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच.

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने एवढेच विचारावे : आपल्याकडे कोणाचे शिक्षण अर्धवट राहिले आहे? आणि उत्तर ‘माझेच’ असे आले, तर संकोच करू नये.