कुरूप पिलाची गोष्ट आणि वर्गातील दांडगाई



१९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र व शेजारची औद्योगिक वसाहत यांनी कुंभवली-बोईसर परिसराचा चेहरामोहरा पालटला. शेतकरी, मच्छीमार व वारली कुटुंबांच्या जोडीला परप्रांतांतील कामगार येथे स्थिरावले. साहजिकच शाळेच्या एका बाकावर अनेक बोली येऊन बसतात. उच्चारांवरून चिडविणे, मग टोपणनाव, मग डबा लपविणे आणि अखेरीस खेळातून वगळणे, असा दांडगाईचा क्रम असतो. सोसणारे मूल सहसा तक्रार करीत नाही. पोटदुखीचे निमित्त करून ते घरी राहू लागते. पटावर नाव उरते, मूल उरत नाही.

अशा वेळी छडी उगारणे शहाणपणाचे नाही; शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये ते निषिद्धही आहे. नाव घेऊन रागे भरावे, तर शाळा सुटल्यावर त्याच मुलावर सूड उगविला जातो. गोष्ट कोणाचेच नाव घेत नाही.

बदकाच्या कुरूप पिलाची कथा अँडरसनने १८४३ साली प्रसिद्ध केली. ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे ती मराठी घरांत पोहोचली. परंतु सर्वांचे लक्ष शेवटच्या राजहंसाकडे असते. ते पिलू बदकच राहिले असते, तर त्याला टोचणे योग्य ठरले असते काय? म्हणून मोठ्याने वाचताना राजहंस येण्यापूर्वीच पुस्तक मिटावे आणि विचारावे : कोणी टोचले? कोण नुसते पाहत राहिले? त्यांच्यापैकी एकाने काय केले असते? मूळ कथेत आई प्रथम पिलाची बाजू घेते. पुढे तीही त्रासून ते दूर गेलेले बरे, असे म्हणते. हा भाग वाचताना शिक्षकानेही क्षणभर थांबावे.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच ओळखले होते. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरील अंगणात व कुरणात न्यावी, ही त्यांची रीत. त्याच न्यायाने गोष्टीनेही मुलाच्या घरच्या बोलीपर्यंत जावे. फळ्यावर ‘बदक’ शब्दाशेजारी ‘बतख’ लिहावा, वारली मुलांनाही त्यांचा शब्द विचारावा. शब्द सांगणारे मूल तेवढा वेळ वर्गाचे गुरुजी होते.

मारहाणीचे प्रकरण मात्र गोष्टीवर सोपवू नये. तेथे दोन्ही घरच्या पालकांना बोलावलेच पाहिजे. उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वाचावी, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकाने पटांगणात उभे राहून कोण एकटे बसले आहे ते पाहावे.