दुष्काळाचा पैसा आणि पाण्याचा करार

(दुष्काळनिवारण समितीच्या सभेंत समितीच्या एका वकील सभासदांनीं केलेलें भाषण)



दुष्काळ पडला म्हणजे वर्गणीची वही घेऊन आम्ही आपल्या दारीं येतों, आणि आपण ती कधीं कोरी परत पाठविली नाहीं, याबद्दल प्रथम समितीच्या वतीनें आपले आभार मानतों. माणसांस पाणी व गुरांस चारा हें पहिलें कर्तव्य, याविषयीं दुमत नाहीं. परंतु ज्या गांवीं एकदां पाण्याची गाडी गेली, त्याच गांवाचा अर्ज कांहीं वर्षांनीं पुन्हां कां येतो, हा प्रश्न दात्यांनीं विचारणें रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, दिलेल्या पाण्यानें त्या दिवसाची तहान भागते. गांवाच्या पाण्याचा हिशेब बसत नाहीं.

1972 सालच्या दुष्काळांत लक्षावधि लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले. त्याच दुष्काळानें पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांस पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं नेलें. तेथील देवस्थानची 40 एकर उताराची ओसाड जमीन त्यांनीं खंडानें घेतली, बांध घातले, पाझर तलाव केला, त्याखालीं विहीर खणली. परंतु त्यांचें मोठें काम मातीचें नव्हे, नियमांचें होतें. त्यांच्या पाणी पंचायतीनें असें ठरविलें कीं, पाणी जमिनीच्या मानानें न वांटतां घरांतील माणसांच्या मानानें वांटावें: माणशीं अर्धा एकर, व कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. भूमिहीनासही वांटा असावा. ऊंस लावूं नये. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिजबरोबर जाऊं नये. आणि खर्चाचा पंचमांश लाभ घेणारांनीं स्वतः आणावा. ह्या शेवटच्या नियमाचें मर्म व्यापारी मंडळींस सांगावयास नको. ज्यांत आपलें भांडवल गुंतलें आहे, तें मनुष्य जपतो.

दुसरें उदाहरण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें. तेथें पाऊस वर्षास सुमारें 400 मिलिमीटर. सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवानें श्रमदान केलें, डोंगरउतारावर चर खणले, ओढ्यांवर बंधारे घातले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. शेतीसाठीं बोअर घ्यावयाची नाहीं, ऊंस व केळी लावावयाची नाहीं, असा निर्बंध स्वतःवर घालून घेतला. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें येतो. प्रथम माणसांचें व गुरांचें पाणी बाजूस काढतात, आणि उरेल त्यावर कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरतें. जमाखर्च पाहून पेढी चालवावी, तसाच हा प्रकार आहे.

जमीनदार मंडळींची शंका आम्हां वकिलांस ठाऊक आहे. आपल्या जमिनीखालचें पाणी आपलें; त्यांत गांवाचा काय संबंध? 1882 सालचा ईझमेंट्सचा कायदा त्यांच्याच बाजूनें बोलतो. पण खडकास सातबारा वाचतां येत नाहीं. आपल्या पठाराचा काळा पाषाण पाणी थोडें धरतो, आणि तें भेगांतून एकाच्या शेताखालून दुसऱ्याच्या शेताखालीं जातें. एकानें खोल बोअर घेतली कीं शेजाऱ्याची विहीर आटूं लागते. 2009 सालच्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें खोल विहिरींवर मर्यादा घातली आहे. तथापि सरकारी अंमलदार प्रत्येक बांधावर उभा राहूं शकत नाहीं. गांवानें एकमतानें केलेला करार हीच खरी चौकी.

जें पाण्याचें तेंच माती व केरकचऱ्याचें. शेण चुलींत न जाळतां खतास द्यावें, सांडपाणी वाटेवर न सोडतां शोषखड्ड्यांत जिरवावें. ह्याला वर्गणी फारशी लागत नाहीं, एकी लागते.

म्हणून आमच्या विनंत्या दोन. दात्यांस अशी कीं, तांतडीच्या मदतीस हात आखडूं नये. परंतु देणगीचा कांहीं भाग बांधबंदिस्तीसाठीं राखून ठेवावा, आणि तो ज्या गांवानें पाणीवांटपाचा ठराव करून आपला पंचमांश पुढें ठेवला असेल त्यासच मिळावा. जमीनदारांस अशी कीं, आपणांकडून आम्हांस रुपयाहून अधिक मोलाची वस्तु हवी आहे, ती म्हणजे आपला शब्द. वीस एकरांच्या धन्यानें अडीच एकरांच्या पाण्यावर समाधान मानावें, हें मागणें लहान नव्हे. उंसाचा पैसा रोख असतो, हें आम्ही जाणतों. परंतु शेजारच्या दहा विहिरी कोरड्या पडल्या असतां एकट्याचा मळा किती वर्षें हिरवा राहील, याचा विचार आपणच करावा.

गांवीं जो मोठा, त्याच्याकडे बाकीचे पाहतात. त्यानें प्रथम सही केली तर ठराव टिकेल. न केली तर आमच्या वर्गणीचा बंधारा गाळानें भरेल आणि अर्ज पुन्हां येईल. येथें वर्गणीच्या वहीशेजारीं ठरावाचा कोरा कागद ठेवला आहे. दोहोंवर आपल्या सह्या व्हाव्यात, इतकेंच मागून आम्ही आपली रजा घेतों.