फावल्या वेळी खेळरचना



ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत लोकांसाठी प्रदर्शन भरावयाचे होते. मांडून ठेवलेली यंत्रे नुसती पाहून प्रेक्षक कंटाळतात, हे तेथील पदार्थविज्ञानवेत्ते विल्यम हिगिनबॉथम जाणून होते. त्यांनी प्रयोगशाळेतील साधने जोडून ऑसिलोस्कोपच्या चिमुकल्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. आडवी रेघ म्हणजे जमीन, उभी रेघ म्हणजे जाळे आणि उजळ ठिपका म्हणजे चेंडू! तो खेळण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. १९५९ च्या प्रदर्शनानंतर तो मोडून त्याचे भाग इतर कामी लावण्यात आले.

खेळाचा असा लहानसा कच्चा नमुना करणे हा आज खेड्यातील शिक्षकासही साधणारा छंद आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने २००७ साली सर्वांस खुले केलेले ‘स्क्रॅच’ विनामूल्य मिळते; एकदा संगणकावर उतरवून घेतले म्हणजे इंटरनेटवाचूनही चालते. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावयाचे असतात. परंतु संगणकाकडे वळण्याची घाई करू नये. खेळाचा प्राण नियमात असतो, आणि नियम पाटीवर व चिंचोक्यांवरच उत्तम पारखता येतो. बेरजेच्या प्रश्नांना रंगीत फुगे लावले म्हणजे खेळ झाला, ही समजूत सोडून द्यावी; ती सोंग घेतलेली परीक्षाच होय.

दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूच्या मुलांस खारपाणपट्टा सांगावा लागत नाही. त्यांच्या जिभेला तो ठाऊक असतो. त्यावरच एक खेळ रचून पाहावा. पाटीवर एक शेत काढावे व त्यात तुरीचे आठ दाणे ठेवावे, ते पीक. प्रत्येक डावात चार कवड्या टाकाव्या. तीन किंवा चार उताण्या पडल्या तर पाऊस आला. शेततळ्यात एक चिंचोका टाकावा. एरवी कोरड पडली. अशा वेळी तीन वाटा: तळ्यातील चिंचोका खर्चावा, एक दाणा गमवावा, किंवा कूपनलिकेचे पाणी देऊन पीक वाचवावे आणि शेतात क्षाराचा एक खडा ठेवावा. पाचवा खडा पडला की शेत नापीक होऊन सर्व पीक जाते. आठ डावांचे एक वर्ष.

मुले खेळू लागली म्हणजे शिक्षकाने मौन पाळावे. हे फार कठीण असते, कारण शिकवण्याची सवय ओठांवर येते. पण न बोलता पाहिले तर मेख लवकर सापडते: एका वर्षात पाच खडे क्वचितच जमतात, म्हणून चतुर मूल म्हणते, “गुरुजी, बोअरच बरी!” मूल चुकलेले नसते, नियम अपुरा असतो. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या चिकण जमिनीतून पाण्याचा निचरा मंद होतो, त्यामुळे क्षार सहजी धुऊन जात नाहीत. तेव्हा त्याच पाटीवर दुसरे वर्षही खेळावे. दाणे नवे, खडे मात्र जुनेच. आता प्रत्येक कोरडीला मुले थबकतात, आपसांत वाद घालतात. नियमातील एवढ्याशा पालटाने जे उमगते, ते फळ्यावरच्या आकृतीने उमगेलच असे नाही.

आपल्याकडे ही दृष्टी जुनीच आहे. सोंगट्या चढविणारा-उतरविणारा मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला, अशी परंपरा सांगते. त्याच जातीचा सापशिडीचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात छापून विकला जाऊ लागला.

नमुना लहान असावा: एक पडदा, एक पेच. दिवाळीच्या सुट्टीत आरंभिलेला अवाढव्य खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीतही अपुराच राहतो. पाटीवर नियम टिकला, की मगच स्क्रॅच उघडावे. तेथे ‘पीक’, ‘तळे’ आणि ‘क्षार’ असे तीन चल करावे. वर्ष पालटताच ‘पीक’ पुन्हा आठवर न्यावे. तळ्यातील शिल्लक तशीच ठेवावी. आणि ‘क्षार’ शून्यावर आणणारा ठोकळा कोठे चुकून राहिला नाही ना, हे पाहावे.