सायकलची चेन का सटकते?
चढावर जोर लावला की खटकन आवाज होतो, पायडल पोकळ फिरतं आणि चेन दात्यांवरून सटकते. अशा वेळी बरेच जण तेल ओततात. तेलानं हा दोष जात नाही. चेन झिजून लांबली आहे का, हे पाहायला पट्टी घ्या, चेन ताणून धरा. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. दीड मिलिमीटर जास्त भरल्या, तर चेन लगेच बदला. वाढ तीन मिलिमीटरवर गेली असेल, तर बहुधा फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात. त्यांच्यावर नुसती नवी चेन चढवली, तर ती आणखीच सटकते. दोन्ही एकदम बदलणंच शहाणपणाचं. आणि तेल घातल्यावर वरचा ओशटपणा फडक्यानं जरूर पुसा, नाहीतर त्यावर धूळ बसून चेन लवकर झिजते.