ठराव आणि ओंजळ



कंपन्यांना माल आणि सेवा पुरवणाऱ्यांनी मजुरी, सुरक्षितता आणि पर्यावरण यांची कोणती मानकं पाळावीत, हा या परिषदेचा विषय. तिचं अध्यक्षपद तुम्ही एका निवृत्त सुरक्षा अधिकाऱ्याला दिलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतला. माझे वडील आणि काका मुंबईच्या गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ती वाट बुजली आणि आमच्या पिढीनं महाडच्या एमआयडीसीची वाट धरली. पहाटेची एसटी, पहिली पाळी आणि संध्याकाळी परत डोंगर, यातच माझं आयुष्य गेलं. आज जे बोलणार आहे ते याच वाटेवर शिकलेलं आहे.

महाडात परिषदेसाठी उभं राहिलं की चवदार तळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं ऑगस्ट १९२३मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं. ठराव झाला, दप्तरी लागला, पण ज्यांच्यासाठी झाला त्यांना तळ्याच्या काठी जाता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत गेले आणि त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही न्यायालयातली लढाई १९३७पर्यंत चालली.

तो लढा माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा होता. आपल्या कामाची मी त्याच्याशी बरोबरी करत नाही. पण महाडनं शिकवलेला धडा आपल्यालाही लागू आहे: कागदावरचा ठराव आणि हातातली ओंजळ यांच्यात मोठं अंतर असतं, आणि ते आपोआप कमी होत नाही. पुढे हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. पाण्याचा हक्क आणि कामाचे तास या दोन्हींना एकाच माणसाचा हात लागलेला आहे, हे इथल्या कामगारानं विसरू नये.

आता आपल्या पुरवठा साखळीकडे येऊ. परदेशातली एखादी औषध कंपनी आपल्याकडच्या कंपनीकडून कच्चा घटक घेते. ती कंपनी त्यातलं एखादं मधलं रसायन महाडच्या युनिटकडून करून घेते. महाडच्या युनिटात ड्रम धुणारी माणसं एका ठेकेदाराची, टाकी साफ करणारी दुसऱ्याची, टँकर तिसऱ्याचा. वरच्या टोकाला आचारसंहिता आहेत. मोठ्या औषध कंपन्यांनी २००६ साली एकत्र येऊन पुरवठादारांसाठी तत्त्वं आखली. रसायन कंपन्यांनी २०११ साली तपासणीची सामाईक पद्धत सुरू केली. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३पासून लागू झाला. आपल्याकडे सेबीनं सर्वांत मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३पासून जबाबदार व्यवहाराचा अहवाल बंधनकारक केला. हे सगळं चांगलं आहे. मला ते हवं आहे. माझा प्रश्न इतकाच आहे की ड्रम धुणाऱ्या माणसाच्या हातापर्यंत त्यातलं काय पोचतं?

एक प्रसंग सांगतो. मी ज्या कारखान्यात होतो तिथे परदेशी ग्राहकाचं ऑडिट येणार होतं. आठ दिवस आधी रंगरंगोटी सुरू झाली. पाइप, कठडे, ड्रम, ते ठेवायची चौकट, सगळं चकचकीत. आमच्याकडे ड्रममधून टोल्युइन ओढत. असा सॉल्व्हंट पाइपातून वाहताना स्थिर वीज तयार होते. तिला जमिनीत जायला वाट मिळाली नाही तर एक ठिणगी पुरते. म्हणून ड्रमला अर्थिंगची क्लिप लावायची. ऑडिटच्या आदल्या दिवशी मी फेरी मारली. क्लिप जागेवर होती, तार शाबूत होती. सहज मीटर लावून पाहिला, तर वाट तुटलेली. क्लिपचे दात नव्या रंगावर बसले होते. खालच्या लोखंडाला त्यांचा स्पर्शच नव्हता. ग्राहकाला दाखवायला दिलेल्या रंगानं कामगाराचं संरक्षण काढून घेतलं होतं.

मी तिथेच पॉलिश पेपरनं रंग खरवडला. दुसऱ्या दिवशी तपासणीसानं विचारलं, अर्थिंग आहे? होय. खूण झाली. आदल्या दिवशी विचारलं असतं तरी उत्तर होयच आलं असतं आणि खूणही तशीच झाली असती. त्या दिवसापासून प्रश्नावलीतल्या ‘होय’वर मी कधी विसंबलो नाही.

अशा खुणांवर विसंबण्याची किंमत मोठी असते. कराचीत अली एंटरप्रायझेस नावाचा कपड्यांचा कारखाना होता. सामाजिक मानकांचं नावाजलेलं प्रमाणपत्र त्याला ऑगस्ट २०१२मध्ये मिळालं. ११ सप्टेंबर २०१२ला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. आपल्या महाडनंही दुःख पाहिलं आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्याच एमआयडीसीत ब्ल्यू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार दगावले. दोष कुणाचा याचा निवाडा करायला आपण जमलेलो नाही. पण ते ११ जण सकाळी डबा घेऊन घरातून निघाले होते, हे लक्षात ठेवून पुढचं बोलू या. त्यांच्या स्मृतीला मी या व्यासपीठावरून वंदन करतो.

दुसरी गोष्ट ठेक्यावरच्या माणसांची. ऑडिटच्या दिवशी ठेकेदाराच्या हेल्परांना ‘आज येऊ नका’ असा निरोप जायचा. त्या दिवसाची मजुरीही बुडायची. म्हणजे ज्यांच्यासाठी मानक, ज्यांच्या अंगावर धूळ आणि वाफ पहिली येते, तीच माणसं तपासणीच्या दिवशी गेटबाहेर आणि पदरचा रोज घालवून. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकानं द्यायची, ही तरतूद १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं केली. मजुरीला जो न्याय लावला तोच हातमोज्याला, मास्कला आणि प्रशिक्षणाला लागला पाहिजे. ‘तो माझा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ हे वाक्य आपल्या भागात ऐकू येणं बंद झालं पाहिजे.

आपल्याकडची एक गोष्ट बाहेरच्या तपासणीसाला कळत नाही. आषाढात भातलावणी लागली की पोलादपूर-महाडचा हेल्पर पंधरा-वीस दिवस शेतावर जातो. त्याच्या जागी नवा माणूस येतो, पुष्कळदा परप्रांतातला. पाटी मराठीत, ड्रमवरची चिठ्ठी इंग्रजीत, माणूस तिसऱ्याच भाषेतला. पावसाळ्यात, जेव्हा जमीन निसरडी आणि हवा दमट असते, तेव्हाच आपल्याकडे सर्वांत नवखे हात कामावर असतात. म्हणून प्रशिक्षणाचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला लावण्यापेक्षा लावणीच्या आधी लावा, आणि ते ज्याला द्यायचं त्याच्या भाषेत द्या.

आता खरेदी अधिकाऱ्यांशी बोलतो, कारण यातला अर्धा भार त्यांच्यावर आहे. एकाच आठवड्यात मोठ्या कंपनीकडून लहान युनिटला दोन पत्रं येतात. एकात सुरक्षिततेची मानकं पाळण्याची हमी मागितलेली असते, दुसऱ्यात दर पाच टक्के कमी करायला सांगितलेलं असतं. दोन्हींवर एकाच कंपनीचा शिक्का. लहान उद्योजकाचं बिल महिनोन्महिने अडकतं. लघुउद्योगांचे पैसे करार असल्यास फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६चा कायदा सांगतो. वेळेवर पैसे न देणाऱ्यानं पुरवठादाराकडे नैतिकतेची मागणी कोणत्या तोंडानं करायची? ब्लोअरला, मीटरला, डॉक्टरच्या तपासणीला पैसा लागतो. तो मालाच्या दरातूनच येतो. जो दर सुरक्षितता गिळतो त्याला स्वस्त म्हणता येणार नाही, त्याची उरलेली किंमत कुणीतरी अंगावर घेतलेली असते.

लहान उद्योजकांनाही सांगतो. दर परवडत नाही हे खरं असेल, पण म्हणून टाकीत माणूस उतरवताना आतली हवा न तपासणं क्षम्य ठरत नाही. सांडपाण्याच्या टाकीत पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. हवा तपासा, ब्लोअर लावा, दोर बांधा आणि तोंडाशी एक माणूस उभा करा. तो आत उतरणार नाही हे त्याला आधी सांगून ठेवा.

सावित्री नदीबद्दल बोलल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावून ती पोलादपूरहून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीत मिळते. तिच्या पात्रात आजही मगरी आहेत, काठावर मासेमारीवर जगणारी घरं आहेत. घातक कचरा कारखान्यातून निघाला की त्याच्यासोबत मॅनिफेस्ट, म्हणजे नोंदीचं सोबतपत्र, जातं आणि तो तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रात पोचल्याची पोच परत यायला हवी. ही पोच मागणं हेच आपलं मानक. टँकर गेटबाहेर गेला की जबाबदारी संपली, असं मानणारा कारखाना रात्रीच्या अंधारात ओढ्याशी थांबणाऱ्या टँकरला मोकळं रान देतो.

आणखी एक. २२ जुलै २०२१ला महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. बाहेर तयार झालेल्या प्रश्नावलीत आगीचे, गळतीचे प्रश्न भरपूर असतात. पुरात तुमचे ड्रम किती उंचीवर असतील, वीज गेल्यावर थंड ठेवायचं रसायन कसं ठेवाल, रात्रपाळीचा माणूस घरी कसा जाईल, हे तिच्यात मला दिसलं नाही. हे प्रश्न आपणच लिहून वर पाठवायला हवेत. मानकं फक्त वरून खाली यावीत असा काही नियम नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं: धोका दिसला तर बोलण्याचा आणि काम थांबवण्याचा हक्क. भोपाळच्या डिसेंबर १९८४च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली आपल्या कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचं प्रकरण आलं. धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या आणि सुरक्षा समितीच्या कानावर घालण्याचा कामगाराचा हक्क त्यात लिहिला गेला. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ला कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी माणसांना आत पाठवलं गेलं. त्यानंतर कपड्यांच्या मोठ्या ब्रँडांनी कामगार संघटनांशी जो बंधनकारक करार केला, त्यात असुरक्षित इमारतीत जायला नकार देण्याचा हक्क मान्य झाला. ‘मी हे काम आत्ता करणार नाही’ असं म्हणणाऱ्या हेल्परला दुसऱ्या दिवशी गेटपास मिळतो का, हीच माझ्या मते पुरवठादाराची खरी परीक्षा. बाकीचे सगळे प्रश्न त्यानंतर.

म्हणून या परिषदेपुढे मी चार मागण्या ठेवतो. तपासणीच्या दिवशी ठेक्यावरची माणसं कामावर हजर असावीत आणि तपासणीसानं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, मुकादम जवळ नसताना बोलावं. दराच्या करारात सुरक्षिततेचा खर्च वेगळा लिहावा आणि त्यावर घासाघीस होऊ नये. पूर आणि दरड यांची तयारी महाड आणि पोलादपूर या आपल्या दोन तालुक्यांच्या मानकांत घालावी. आणि काम थांबवणाऱ्या कामगाराची मजुरी कापू नये.

ठराव आपण आज संध्याकाळी मंजूर करू. पण उद्या पहिल्या पाळीला माझ्या सुरक्षा अधिकारी मित्रांनी एक काम करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सॉल्व्हंटच्या ड्रमजवळ जा. ठेकेदाराच्या हेल्परला सोबत घ्या. मीटर लावा. वाट तुटलेली असली तर पॉलिश पेपर त्याच्या हातात द्या, रंग कुठवर खरवडायचा ते दाखवा, आणि लोखंड उघडं पडल्यावर क्लिप त्यालाच लावू द्या. आजच्या ठरावातली पहिली ओंजळ तीच असेल.